पॅकेजच्या पोटातली एन्कोडिंग लायब्ररी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही पॅकेज मेंटेनर, म्हणजे इतरांचे प्रोग्राम लिनक्सवर सहज बसवता यावेत म्हणून बांधून देणारे, ठाण्यात नौपाड्याला एकाच्या घरी जमतो. कुणी ऐरोलीहून येतं, कुणी कोपरखैरण्याहून, कुणी कळव्याहून. नव्याने काम शिकणारे साधारण हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. कमांड आणि फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत.

‘बंडल्ड’ लायब्ररी म्हणजे नेमकं काय?

एखाद्या प्रोग्रामच्या लेखकाने दुसऱ्या कुणाची तरी लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) आपल्या सोर्सच्या, म्हणजे मूळ कोडच्या, फोल्डरात कॉपी करून ठेवलेली असते. बिल्ड करताना, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्राम बनवताना, सिस्टिमवरची लायब्ररी न घेता हीच प्रत आत जोडली जाते. आम्ही तिला ‘पोटातली प्रत’ म्हणतो. एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतींच्या, बाबतीत हमखास सापडणारी मंडळी म्हणजे एका एन्कोडिंगमधून दुसऱ्यात नेणारी जीएनयू लिबआयकॉन्व्ह आणि तिच्याबरोबरची लिबचारसेट, युनिकोडची बहुतेक कामं करणारी मोठी लायब्ररी आयसीयू, एन्कोडिंग ओळखणाऱ्या चारडेट आणि यूचारडेट, यूटीएफ८प्रॉक, विंडोजसाठी लिहिलेली विन-आयकॉन्व्ह आणि जावास्क्रिप्टमध्ये आयकॉन्व्ह-लाइट. कधी अख्खी लायब्ररी नसते, युनिकोडचा (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा) एखादा तक्ता तेवढा उचलून कोडमध्ये चिकटवलेला असतो. तो सगळ्यात उशिरा सापडतो आणि सगळ्यात जास्त छळतो.

प्रोग्राम चालतोय ना? मग आत काय आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही. वरून सगळं ठीकच दिसत असतं.

जुनं उदाहरण २००२ सालचं आहे. झेडलिब या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक सापडली. लायब्ररी दुरुस्त करणं सोपं होतं. पण तिच्या प्रती असंख्य प्रोग्रामांच्या पोटात होत्या, लिनक्स कर्नलच्याही, आणि प्रत्येक ठिकाणी हात घालून दुरुस्ती करावी लागली. पोटातल्या प्रतींबद्दल डिस्ट्रो (डेबियन, फेडोरासारखी लिनक्सची वितरणं) इतक्या काटेकोर का झाल्या, ते या प्रकरणावरून कळतं.

एन्कोडिंगमधलं अलीकडचं उदाहरण एप्रिल २०२४चं, सीव्हीई-२०२४-२९६१ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषाचा जाहीर नोंदणी-क्रमांक). जीलिबसी या लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीतल्या आयकॉन्व्हमध्ये, म्हणजे एन्कोडिंग बदलणाऱ्या भागात, ‘आयएसओ-२०२२-सीएन-ईएक्सटी’ या चिनी एन्कोडिंगकडे रूपांतर करताना बफरच्या पुढे ४ बाइटपर्यंत लिहिलं जात होतं. चूक कोडमध्ये दोन दशकांहून जास्त काळ पडून होती. ४ बाइट ऐकून कुणी घाबरत नाही, पण त्यातून पीएचपीवर चालणाऱ्या साइटवर हल्ला करता येतो हे दाखवलं गेलं. त्या आठवड्यात ज्यांच्याकडे एकच सिस्टिम लायब्ररी होती त्यांनी एक अपडेट टाकलं, किंवा अपडेट येईपर्यंत त्या एन्कोडिंगचं मॉड्यूल बंद करून ठेवलं. जीएनयू लिबआयकॉन्व्हचा कोड वेगळा, त्यामुळे तिला ही बाधा नव्हती. आता मला सांगा, तुमच्या पॅकेजात यातली कोणती आहे हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक असतं का? उत्तर ‘बघून सांगतो’ असं असेल, तर आजच बघून ठेवा.

पण सुरक्षेचं ते काम तज्ज्ञांचं. मराठी वापरणाऱ्या साध्या माणसाला याने काय फरक पडतो?

पडतो, आणि माझ्या अनुभवात सर्वात जास्त तिथेच पडतो.

मी एक छोटं शोध-साधन पॅकेज करत असे. ठाण्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी ते वापरायला घेतलं आणि आठवड्याने फोन केला: “अहो, तुमच्या शोधात ‘ॲड.’ टाकलं की काहीच येत नाही. माझी निम्मी फाइल ‘ॲड.’नेच सुरू होते.” मला वाटलं फॉन्टचा प्रश्न असेल. दोन संध्याकाळी चुकीच्या जागी शोधण्यात गेल्या. आयसीयू सिस्टिमचीच लावली होती, ती ताजी होती. शेवटी सापडलं ते शब्द तोडणाऱ्या भागात. तिथे युनिकोडचा एक तक्ता चिकटवलेला होता, युनिकोड ५.०चा, म्हणजे २००६चा. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९७२, युनिकोडमध्ये आलं ते ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. त्या तक्त्याच्या लेखी ‘ॲ’ हे अक्षरच नव्हतं. त्यामुळे ‘ॲड’मधलं पहिलं अक्षर कचरा म्हणून टाकून दिलं जायचं आणि मागे नुसता ‘ड’ उरायचा. ॲप, ॲसिड, ॲम्ब्युलन्स, सगळ्यांची तीच गत. पॅकेज माझं होतं, तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला हा दोष जन्मात दिसणार नाही. हिंदीतही बहुतेक दिसणार नाही, कारण हे अक्षर मराठीला लागतं.

दुसरी जागा म्हणजे ऱ. आचाऱ्यांना आणि आचार्यांना हे दोन वेगळे लोक आहेत, पहिले स्वयंपाक करतात आणि दुसरे शिकवतात. दऱ्या डोंगरात असतात, दर्या समुद्र असतो. हा अर्धा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: ऱ (यू+०९३१) आणि हलन्त; र, त्याखाली नुक्ता (टिंब) आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि शेवटी झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पहिल्या दोन तऱ्हा नॉर्मलायझेशनने, म्हणजे सगळ्या तऱ्हा एका ठराविक रूपात आणल्याने, एक होतात. अशी रूपं दोन: एनएफसी आणि एनएफडी. एनएफसी केलं की ऱ जोडलेला राहतो, एनएफडी केलं की र आणि नुक्ता असा सुटा होतो. तिसरी तऱ्हा मात्र वेगळीच राहते, आणि एखाद्या लायब्ररीने ‘न दिसणारी चिन्हं’ साफ केली की आचाऱ्यांचे थेट आचार्य होतात. आता एकाच प्रोग्राममध्ये सिस्टिमची लायब्ररी एनएफसी करतेय आणि पोटातली जुनी प्रत काहीच करत नाही अशी कल्पना करा. यादीत नाव डोळ्यांना दिसतं, पण शोधल्यावर सापडत नाही. वापरणारा म्हणतो, “कॉम्प्युटरला मराठी येत नाही.” मला या वाक्याचं फार वाईट वाटतं, कारण खरं तर येत असतं. आपण पॅकेज करताना दोन वेगवेगळी ज्ञानं एका पिशवीत कोंबलेली असतात.

पोटातली प्रत शोधायची कशी?

आधी सोर्स उघडून फोल्डर चाळा. ‘थर्ड-पार्टी’, ‘व्हेंडर’, ‘डेप्स’, ‘कॉन्ट्रिब’, ‘एक्स्टर्नल’ अशा नावांच्या फोल्डरांत बहुतेक ऐवज असतो. मग ‘आयकॉन्व्ह.एच’ नावाची हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख करून देणारी) कुठे पडली आहे का ते पाहा. ती सोर्समध्ये असणं हीच मोठी खूण.

त्यानंतर बिल्ड झालेली बायनरी तपासा, कारण सोर्समध्ये असलेलं सगळं आत जातंच असं नाही. एलडीडी (बायनरी बाहेरच्या कोणत्या लायब्ऱ्या मागते ते दाखवणारी कमांड) चालवल्यावर आयसीयूचं नाव दिसत नाही, पण बायनरीत ‘यूसीएनव्ही_ओपन_७४’सारखी, शेपटीला आवृत्तीचा आकडा लावलेली नावं सापडतात, म्हणजे आयसीयू स्टॅटिक, बायनरीच्या आतच, जोडली गेली आहे. स्ट्रिंग्ज किंवा एनएम या बायनरीतली नावं दाखवणाऱ्या कमांडने ‘_लिबआयकॉन्व्ह_व्हर्जन’ सापडलं तर जीएनयू लिबआयकॉन्व्ह आत आहे. डेबियनवर लिंटियन हे पॅकेज तपासणारं साधन ओळखीच्या काही प्रतींबद्दल स्वतःच ओरडतं. जावास्क्रिप्टमध्ये सगळं एका फाइलीत गुंडाळलेलं असतं, तिथे एन्कोडिंगांची नावं शोधणं हा माझ्या मते सर्वात भरवशाचा मार्ग.

चिकटवलेले तक्ते शोधायला कुठलंही हत्यार पुरत नाही. ‘युनिकोड’ हा शब्द आणि आवृत्तीचे आकडे ग्रेपने सगळ्या फाइलींत शोधा, आणि खाली दिलेली मराठी ओळ चालवून पाहा.

कॉन्फिगरला (बिल्डची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला) ‘सिस्टिमची लायब्ररी वापर’ असा पर्याय दिला. पुरेसं आहे ना?

नाही. पर्याय दिलात तरी पोटातलं फोल्डर बिल्ड सुरू होण्याआधी उडवा. सिस्टिमची लायब्ररी सापडली नाही तर कित्येक बिल्ड-स्क्रिप्ट गुपचूप आतली प्रत घेतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. फोल्डरच नसलं की बिल्ड फुटतं, आणि फुटणं चांगलं, कारण तुम्हाला त्याच दिवशी कळतं. फेडोरात हे ‘प्रेप’च्या टप्प्यात करतात. डेबियनमध्ये परवान्याची अडचण असेल किंवा ऐवज फार मोठा असेल तर ‘फाइल्स-एक्सक्लूडेड’ लिहून सोर्सची गाठोडीच नव्याने बांधता येते.

फोल्डर उडवलं. आता लिंक करताना (लायब्ररी जोडताना) ‘लिबआयकॉन्व्ह_ओपन सापडत नाही’ असं म्हणतोय. सोर्समध्ये तर हे नाव कुठेच नाही!

नसणारच. जीएनयू लिबआयकॉन्व्हची हेडर फाइल मॅक्रो वापरून ‘आयकॉन्व्ह_ओपन’चं ‘लिबआयकॉन्व्ह_ओपन’ करते. सी लायब्ररीतल्या त्याच कामाच्या फंक्शनशी टक्कर होऊ नये म्हणून ही सोय आहे. तुमच्या बिल्डने हेडर एकीकडची घेतली आणि लायब्ररी दुसरीकडची. उलटही होतं: हेडर सी लायब्ररीची, लिंक जीएनयूची, आणि मग साधं ‘आयकॉन्व्ह_ओपन’ सापडत नाही अशी तक्रार. घरचं पातेलं आणि शेजारचं झाकण.

हेडर कुठून येते ते आधी पक्कं करा. कंपायलरला ‘-एच’ (कॅपिटल एच) पर्याय दिला की तो उघडलेल्या प्रत्येक हेडरचा पत्ता छापतो. बहुतेक वेळा ‘यूएसआर/लोकल’मध्ये कुणीतरी हाताने टाकलेली जुनी लिबआयकॉन्व्ह निघते. मग शोधाचं काम बिल्ड-साधनावर सोपवा, हाताने कंपायलरचे फ्लॅग देत बसू नका. सीमेकमध्ये ३.११पासून ‘फाइंड-आयकॉन्व्ह’ आहे आणि आयकॉन्व्ह सी लायब्ररीतच आहे का हेही ते सांगतं. मेसॉनमध्ये ०.६०पासून आयकॉन्व्ह थेट डिपेंडन्सी म्हणून मागता येते. ऑटोकॉन्फवाल्यांसाठी ‘एएम_आयकॉन्व्ह’ मॅक्रो कधीपासूनच आहे. तो आणखी एक काम करतो: आयकॉन्व्हच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटला काही सिस्टिमवर ‘कॉन्स्ट’ लागतो, काहींवर लागत नाही, ते ठरवून देतो. सी++मध्ये एवढ्यावरूनही बिल्ड अडतं.

लॅपटॉपवर ठीक चालतं, अल्पाइनच्या कंटेनरमध्ये मोडतं. का?

अल्पाइन ही लिनक्सची एक छोटी डिस्ट्रो. तिची सी लायब्ररी मसल आहे आणि तिच्यातली आयकॉन्व्ह मुद्दाम छोटी ठेवलेली आहे. एन्कोडिंगच्या नावापुढे ‘//ट्रान्सलिट’ (न बसणारं अक्षर जवळच्याने बदल) किंवा ‘//इग्नोर’ (ते गाळ) अशी शेपटी लावायची सवय जीलिबसीची आणि जीएनयूची. मसलला ती शेपटी कळत नाही आणि रूपांतर सुरूच होत नाही. शिवाय जे अक्षर पुढच्या एन्कोडिंगमध्ये बसत नाही त्याच्या जागी मसल चूक न सांगता चांदणी (*) टाकून पुढे जाते. पावतीवर नावाऐवजी चांदण्यांची रांग दिसली तर आधी इथे पाहा. अल्पाइनमध्ये ‘जीएनयू-लिबआयकॉन्व्ह’ वेगळं पॅकेज म्हणून मिळतं. गरज असेल तर त्याच्याशी लिंक करा, पण पोटात नवी प्रत घालू नका. शेपटीशिवाय काम भागत असेल तर कोडमधून शेपटीच काढणं अधिक चांगलं.

मॅकवर?

मॅकओएस १४पासून ॲपलने जीएनयूची आयकॉन्व्ह बदलून फ्रीबीएसडीच्या वंशातली घेतली. बारीकसारीक वागणं वेगळं आहे. होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज-साधनाची लिबआयकॉन्व्ह मुद्दाम बाजूला ठेवलेली असते, तिला ओढून मुख्य वाटेवर आणू नका, नाहीतर वरचा पातेलं-झाकणाचा प्रश्न पुन्हा येतो.

आयसीयूचं काय? ती तर अवाढव्य आहे, प्रत्येक जण स्वतःची घेऊन फिरतो.

आयसीयूबद्दल मला मेंटेनरांची अडचण समजते. वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते, प्रत्येक वेळी सोनेम (लायब्ररीचं आवृत्तीसकट नाव) बदलतं आणि तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बिल्ड करावं लागतं. फंक्शनच्या नावांना आवृत्तीचा आकडा चिकटवलेला असल्यामुळे एकाच प्रोसेसमध्ये दोन आयसीयू शेजारी-शेजारी नांदू शकतात. त्यामुळे प्रोग्राम कोसळत नाही, आणि म्हणूनच दोन असल्याचं कळतही नाही.

फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि जावास्क्रिप्ट चालवणारं नोड या तिन्हींना सिस्टिमची आयसीयू लावण्याचा पर्याय आहे. आवृत्ती जुळत असेल तर तो घ्या.

जिथे पोटातलीच ठेवावी लागते तिथे डेटा कापू नका. आयसीयूचं वजन मुख्यतः तिच्या डेटा-फाइलीत असतं आणि जागा वाचवायला लोक तीच छाटतात. नोडमध्ये १३व्या आवृत्तीआधी मूळ बिल्डमध्ये फक्त इंग्रजीचा डेटा असे. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर, आणि युनिकोडच्या क्रमांकात मात्र तो ल च्या लगेच नंतर बसलाय. मराठीचे नियम कापून टाकले की नावांची यादी मराठी माणसाच्या हिशेबाने लागत नाही. सोसायटीच्या सभासदांची यादी असो की तुर्भ्याच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांची, डोळ्याने नाव शोधणारा माणूस चुकीच्या पानावर शोधत राहतो.

क्रमाचाच आणखी एक धोका डेटाबेसमध्ये आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या इंडेक्समध्ये (नोंदी पटकन शोधायच्या सूचीत) क्रम गोठवलेला असतो. २०१८च्या ऑगस्टमध्ये जीलिबसी २.२८ आली तेव्हा क्रमाचे नियम बदलले आणि जुन्या इंडेक्समधून असलेली नोंद सापडेनाशी झाली. आयसीयू बदलतानाही तेच होऊ शकतं. म्हणून पोटातली आयसीयू काढून सिस्टिमची लावाल, तेव्हा पॅकेजच्या सूचनेत ‘रीइंडेक्स करा’ हे ठळक लिहा.

एन्कोडिंग ओळखणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे चारडेट वगैरे, त्यांचं काय?

त्यांचा उगम मोझिलाच्या डिटेक्टरमध्ये आहे, आणि पायथनच्या जगात चारडेट वर्षानुवर्षं इतरांच्या पोटातून फिरली. रिक्वेस्ट्स या पायथनच्या लोकप्रिय लायब्ररीने २०१७मध्ये पोटातल्या प्रती बाहेर काढल्या, पुढे २०२१मध्ये एलजीपीएल परवान्याचा विचार करून चारडेटऐवजी चारसेट-नॉर्मलायझर घेतली. प्रती बाहेर काढायचं ठरवलं तर मोठा प्रकल्पही ते करतो, हे यातून दिसतं. पीएचपीनेही ७.४मध्ये ओनिगुरुमा ही रेग्युलर एक्स्प्रेशनची लायब्ररी पोटातून काढली.

आपल्या बाजूने एक गोष्ट ध्यानात ठेवा. या लायब्ऱ्या अंदाज करतात. यूटीएफ-८ची घडण कडक असल्यामुळे मराठी यूटीएफ-८ त्या बरोबर ओळखतात. पण वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छापखान्यातून ‘शिवाजी’ किंवा ‘श्रीलिपी’ फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी फाइल आली, तर ती ओळखणं त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्या फाइलीत देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांचे आकडे असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. डिटेक्टर तिला कुठलीतरी युरोपीय एन्कोडिंग ठरवतो. त्यासाठी त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, आयकॉन्व्हची नवी आवृत्ती नव्हे. इस्कीचं वेगळं. ते भारतीय लिप्यांच्या एन्कोडिंगचं १९९१चं भारतीय मानक आहे, आयएस १३१९४, आणि त्याचा कन्व्हर्टर आयसीयूमध्ये आहे. इस्कीमधल्या जुन्या नोंदी वाचायच्या असतील, तर आयसीयू काढून फक्त आयकॉन्व्हवर भागवण्याआधी दहादा विचार करा.

अपस्ट्रीमने (प्रोग्रामच्या मूळ लेखकांनी) आतल्या प्रतीत स्वतःचे बदल केलेत. काढली की प्रोग्राम चालत नाही. आता?

मूळ लायब्ररीची तीच आवृत्ती उतरवा, दोन्हींचा डिफ (फरकांची यादी) काढा आणि वाचा. मी पाहिलेल्या बहुतेक वेळा डिफ पानभरच निघतो आणि त्यातलं बरंचसं मूळ लायब्ररीत नंतर आलेलंही असतं. उरलेला भाग मूळ लायब्ररीकडे पाठवता येतो का पाहा.

तरीही नाहीच काढता आली तर नोंदवा. फेडोरात स्पेक फाइलीत (पॅकेज कसं बांधायचं ते लिहिलेल्या फाइलीत) ‘प्रोव्हाइड्स: बंडल्ड’ अशी ओळ लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती देऊन लिहावीच लागते. डेबियनच्या धोरणात ४.१३ या कलमात पोटातल्या प्रतींबद्दल लिहिलं आहे, आणि सुरक्षा पथक अशा प्रतींची यादी ठेवतं. तिथे कळवा. नोंदलेली प्रत ही उघड जबाबदारी असते, पुढच्या सीव्हीईच्या दिवशी कुणीतरी शोधेल तेव्हा तुमचं पॅकेज सापडेल.

नूलिबचा कोड सगळीकडे दिसतो. तोही काढायचा?

नाही. नूलिब ही जीएनयूची लायब्ररी सोर्समध्ये कॉपी करून वापरण्यासाठीच बनवलेली आहे, तिचं वेगळं लायब्ररी-पॅकेज लिंक करायला नसतंच. डेबियनचं धोरणही अशा कोडला मोकळीक देतं.

इन्स्टॉल करताना ‘चारसेट.अलायस’ ही फाइल दुसऱ्या पॅकेजचीही आहे अशी तक्रार येते.

जुन्या लोकलचारसेट कोडची ही देणगी. अनेक पॅकेजं तीच फाइल त्याच जागी टाकत. तुमच्या पॅकेजातून ती काढून टाका.

चाचणीसाठी मराठी ओळ द्या ना.

आम्ही ही वापरतो:

“ॲड. कऱ्हाडकर ऑक्टोबरात कळव्याहून कोपरखैरण्याला गेले. आचाऱ्यांना आचार्य म्हणू नका.”

ॲ असल्यामुळे २००८आधीचा तक्ता पकडला जातो. कऱ्हाडकर आणि आचाऱ्यांना यात ऱ आहे, आणि ‘आचार्य’ शेजारीच ठेवलाय म्हणजे दोन्ही एक झाले तर लगेच दिसतं. ओळ तीनदा चालवा: जशी आहे तशी, एनएफडी करून आणि ऱ च्या जागी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे घालून. मग यूटीएफ-१६मध्ये नेऊन परत आणा आणि बाइट न् बाइट ताडून पाहा.

शेवटी ती छोट्या बफरांतून सोडा, ७ बाइटच्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइटचं, म्हणजे ७वर तुकडा पडला की चिन्ह मधोमध कापलं जातं. आयकॉन्व्ह अशा वेळी ‘अपुरा ऐवज’ अशी चूक देते आणि उरलेले बाइट पुढच्या फेरीसाठी जपून ठेवायचे असतात. इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर एका बाइटचं असल्यामुळे हा रस्ता कुणी चाललेलाच नसतो. इथे मला सर्वात जास्त दोष सापडले आहेत.

अपस्ट्रीमला कसं लिहायचं? ते चिडतात.

‘तुम्ही नियम मोडताय’ अशी सुरुवात केली तर चिडणारच. त्यांनी प्रत ठेवली ती बहुतेक वेळा विंडोजवर लायब्ररी मिळत नाही म्हणून. त्यामुळे प्रत काढायला सांगू नका. ‘सिस्टिमची सापडली तर ती घ्या, नाहीतर आतली’ असा पर्याय स्वतः लिहून पॅच पाठवा, आणि चाचण्यांमध्ये वरची मराठी ओळ घाला. मी अशी ओळ पाठवली तेव्हा एका लेखकाने परत विचारलं होतं की ‘ऱ्’ आणि ‘र्’मध्ये फरक काय. मी त्याला आचाऱ्यांची गोष्ट सांगितली. ती चाचणी त्याने ठेवली, पर्यायही घेतला.